बंद वॉर्डातलं थेरपी-संशोधन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी प्रबंधाचे विषय ठरायची वेळ आली की मानसशास्त्राच्या, मानसोपचाराच्या आणि समाजकार्याच्या विद्यार्थ्यांचे मेसेज सुरू होतात: मनोरुग्णालयात किंवा तुरुंगात थेरपीवर काम करायचंय, सुरुवात कुठून करू? मी एका शासकीय मनोरुग्णालयाच्या स्त्री विभागात गटोपचारावर काम केलं आणि नंतर इतरांच्या अभ्यासांना हातभार लावला. तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून ठेवते. कायद्याची कलमं दिली आहेत, पण अर्ज करण्याआधी मूळ मजकूर स्वतः उघडून वाचा.

‘बंदिस्त’ म्हणताना नेमकी कुठली ठिकाणं धरायची?

जिथून माणूस आपल्या मर्जीने उठून बाहेर जाऊ शकत नाही आणि जिथे त्याच्यावर उपचारही चालू असतात, ती सगळी. महाराष्ट्रातली येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी ही चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं (खाटा अनुक्रमे २५४०, १८५०, ९४० आणि ३६५), तिथले न्यायालयाकडून आलेल्यांचे विभाग, कारागृहांचे दवाखाने, भिक्षेकरी गृहं, मुलांची निरीक्षणगृहं. गोव्यात बांबोळीचं मनोरुग्णालय.

मात्र नुसत्या कुलपावर जाऊ नका. केसपेपरवर ‘डिस्चार्जयोग्य’ असा शेरा पडलेला आहे, पण घरचे न्यायला येत नाहीत, पत्रं परत येतात, म्हणून वर्षानुवर्षं तिथेच राहिलेली बाई उघड्या वॉर्डातही बंदच असते. २०१९ मध्ये देशातल्या ४३ सरकारी मनोरुग्णालयांची पाहणी झाली, तेव्हा एक वर्षाहून जास्त काळ राहत असलेली ४,९३५ माणसं मोजली गेली. तुमच्या अभ्यासात ही माणसं येणार असतील तर त्यांना ‘रुग्ण’ म्हणायचं की ‘रहिवासी’, इथूनच विचार सुरू होतो.

तिथे तर सगळेच वंचित. मग ‘कमी प्रतिनिधित्व’ कोणाचं?

हा प्रश्न मीही विचारला होता, आणि उत्तर मला माझ्याच प्रस्तावाने दिलं. मी निकष लिहिले होते: मराठी लिहिता-वाचता येणं, गेले तीन महिने प्रकृती स्थिर असणं, बुद्धीची मंदता किंवा फिट्स नसणं, संमतीपत्रावर सही करायला नातेवाईक उपलब्ध असणं. पुस्तकात बघून लिहिलेले, अगदी निर्दोष निकष. मग वॉर्डाचं रजिस्टर घेतलं, पट्टी ठेवली आणि एकेक नाव तपासत गेले. लिहिता येत नाही, खोडा. कोरकू बोलते, खोडा. ऐकू येत नाही, खोडा. नातेवाईक नाहीत, खोडा. वॉर्ड साठ जणींचा होता आणि शेवटी दोन आकडी संख्यासुद्धा उरली नाही. उरलेल्या सगळ्या शहरातल्या, शाळा शिकलेल्या, अधूनमधून भाऊ भेटायला येणाऱ्या. म्हणजे वॉर्डातल्या सर्वांत कमी एकट्या असलेल्या बायकांवर अभ्यास करून मी ‘बंद वॉर्डातल्या स्त्रिया’ असं शीर्षक देणार होते.

तेव्हा वगळलेली माणसं कोण, हे शोधायला लांब जावं लागत नाही. आपलीच निकषांची यादी उलटी वाचायची. मेळघाटातून, गडचिरोलीतून, नंदुरबारच्या डोंगरातून आलेले आदिवासी, विमुक्त जमातींचे लोक, कर्णबधिर, तृतीयपंथी, परप्रांतातून रेल्वेने येऊन स्टेशनवर सापडलेले, केसपेपरवर ‘अनोळखी स्त्री’ अशी नोंद असलेल्या. तुरुंगात बायकांची गोष्ट आणखी वेगळी. २०२२ च्या अखेरीस देशातल्या कारागृहांत ५,७३,२२० कैदी होते, त्यांत स्त्रिया २३,७७२, म्हणजे शंभरात चार. नमुना मोठा हवा म्हणून संशोधक पुरुषांच्या बराकीत जातो, आणि निष्कर्ष मात्र ‘कैद्यां’विषयी लिहितो.

इतक्या असहाय माणसांवर संशोधन न करणंच बरं नाही का?

इतिहास पाहिला तर असं वाटणं स्वाभाविक आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात १९५१ ते १९७४ पर्यंत कैद्यांच्या कातडीवर औषधं, प्रसाधनं आणि घातक रसायनं यांचे प्रयोग चालले. कैदी तयार का होत? थोडे पैसे मिळत म्हणून, आणि त्या भिंतींच्या आत पैसे मिळवायचा दुसरा मार्ग जवळपास नव्हता म्हणून. त्यानंतर जगभर नियम कडक झाले आणि ते व्हायलाच हवे होते.

पण कडक नियमांचा सोयीस्कर अर्थ काढला जातो: कटकट नको, यांना वगळा. मग काय होतं ते आपल्याकडे दिसतं. गोव्यात ‘संगाथ’ या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेच्या चमूने साध्या, स्थानिक समुपदेशकांकडून नैराश्यासाठी सहा ते आठ बैठकांचा उपचार आणि दारूच्या समस्येसाठी छोटं समुपदेशन देऊन पाहिलं. प्राथमिक आरोग्य केंद्रांत ते उपयोगी ठरलं, आणि २०१७ मध्ये दोन्ही चाचण्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आल्या. आपल्या मातीतला, आपल्या भाषांतला पुरावा. नैराश्याचा तोच उपचार उद्या तुरुंगातल्या बाईला द्यायचा म्हटला तर तिच्यासाठी पुरावा कुठला? ‘मन रमेल असं काहीतरी रोज करा’ हा त्या उपचाराचा गाभा. ज्या बाईला पाणी कधी प्यायचं हेही दुसरा ठरवतो, तिला हा गाभा लागू होतो का, हे आत जाऊन पाहिल्याशिवाय कळायचं नाही. संशोधन झालं नाही म्हणून उपचार थांबत नाहीत. ते फक्त न तपासता दिले जातात, किंवा गोळ्यांवर भागवलं जातं.

परवानग्या कोणाकोणाच्या लागतात?

पहिली संस्थेच्या नैतिकता समितीची, म्हणजे एथिक्स कमिटीची. ती नोंदणीकृत असावी. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मनोरुग्ण आणि कैदी हे दोन्ही गट ‘असुरक्षित’ म्हणून धरले आहेत, त्यामुळे तुमचा प्रस्ताव पूर्ण समितीपुढे जाईल असं गृहीत धरा. प्रादेशिक मनोरुग्णालयं सार्वजनिक आरोग्य विभागाकडे आहेत, तेव्हा नुसतं वैद्यकीय अधीक्षकांचं पत्र पुरत नाही, वरची मंजुरी लागते. तुरुंगासाठी पुण्याचं कारागृह व सुधारसेवा मुख्यालय.

मग मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७. त्याचं कलम ९९ पाठच करा. मुलाखत असो वा थेरपी, संमती त्या व्यक्तीचीच. व्यक्ती संमती देऊ शकत नसेल पण विरोधही करत नसेल, तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी, आणि मग नामनिर्देशित प्रतिनिधीची, म्हणजे तिच्या वतीने निर्णय घेऊ शकणाऱ्या व्यक्तीची संमती. तीही तेव्हाच, जेव्हा हे संशोधन संमती देऊ शकणाऱ्या लोकांवर करता येणारच नसेल. नुसत्या जुन्या केसपेपरांचा अभ्यास करायचा असेल आणि ओळख उघड होणार नसेल तर वाट थोडी मोकळी आहे.

एक परवानगी बहुतेक विद्यार्थी विसरतात. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम ६ नुसार दिव्यांग व्यक्तीवर संशोधन करायचं तर ‘दिव्यांगत्व संशोधन समिती’ची पूर्वपरवानगी लागते, आणि त्या समितीत निम्म्याहून कमी नाहीत इतके सदस्य स्वतः दिव्यांग किंवा त्यांच्या संस्थांचे असायला हवेत. दीर्घ मानसिक आजार या कायद्याखाली येतो. विषय काढलात की समोरचा गोंधळतो, तरीही पत्र लिहा आणि पोच घेऊन ठेवा.

थेरपीची चाचणी असली तरी भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत नोंद करा. १ एप्रिल २०१८ पासून पहिला सहभागी घेण्याआधीच नोंद करावी लागते. ‘नंतर करू’ चालत नाही.

घरचं कोणीच नसेल तर प्रतिनिधी कोण?

मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उतरंड दिली आहे: नातेवाईक, काळजीवाहक, मग मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाने नेमलेली योग्य व्यक्ती, आणि कोणीच नसेल तर समाजकल्याण विभागाचे संचालक किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती. म्हणजे जिला सगळ्यांनी सोडलं, तिच्या वतीने ‘हो’ म्हणणार तो तिला कधीही न भेटलेला अधिकारी. कागदावर हे चोख आहे. माझं मत विचाराल तर अशा संमतीवर थेरपीचा अभ्यास उभा करू नये. बाईची समजून घ्यायची क्षमता वाढेल अशा पद्धतीने सांगा, वेळ द्या. त्यानेही जमलं नाही, तर तिला गटात बसू द्या, पण तिची माहिती घेऊ नका. गटोपचाराचा लाभ आणि संशोधनातला सहभाग या दोन वेगळ्या गोष्टी ठेवता येतात.

संमती घ्यायची तरी कशी? सगळे ‘हो’च म्हणतात.

तीच तर अडचण आहे. बंद वॉर्डात ‘हो’ फुकट असतं, ‘नाही’ महाग. सिस्टर म्हणाल्या ‘बस’, की बसायचं. डॉक्टरांनी विचारलं ‘बरं वाटतंय ना’, की ‘हो’. दहा वर्षं हीच सवय लागलेली बाई तुमच्या माहितीपत्रकाला वेगळं उत्तर कशाला देईल?

पहिल्या फेरीत मी वॉर्डातच, इन्चार्ज सिस्टरांच्या टेबलाशेजारी बसून संमती घेतली. अठ्ठावीस जणींना विचारलं, अठ्ठावीस जणी हो म्हणाल्या. मी खूश. माझ्या गाईडने कागद बाजूला सारले आणि म्हणाल्या, ‘एकही नकार नाही? मग तू विचारलंच नाहीस.’ दुसऱ्या फेरीत जागा बदलली. अंगणातल्या पारावर, दोघीच, आणि सही त्या दिवशी घ्यायचीच नाही. दोन दिवसांनी मी वॉर्डातून नुसती फेरी मारायची. जिला यायचंय ती पाराकडे येईल, जिला नको ती येणार नाही. नकार द्यायला तोंड उघडावं लागू नये, हा त्यातला हिशेब. या वेळी सात जणी आल्याच नाहीत. त्यांतली एक पुढे रोज दुरून पाहत बसायची आणि गट संपला की विचारायची, ‘आज काय केलंत?’ तिला तेवढंच हवं होतं.

सांगून झाल्यावर ‘समजलं का?’ विचारू नका. ‘घरी पत्र लिहायचं तर या गटाबद्दल काय लिहाल?’ असं विचारा. ‘मॅडम मला घरी सोडणार आहेत’ असं उत्तर आलं की समजायचं, पुन्हा पहिल्यापासून. तुरुंगात हेच ‘माफी’च्या रूपात येतं: गटात बसलं की शिक्षेत सूट मिळते, अशी आवई उठायला एक दिवस पुरतो. मिळत नाही, हे दर बैठकीत स्पष्ट सांगा. आणि सोडून गेल्याचं कारण विचारू नका. कलम ९९ नुसार संमती कधीही मागे घेता येते.

क्षमतेबद्दल एक बारकावा. मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम ४ उपचाराविषयीच्या निर्णयाची क्षमता सांगतं: माहिती समजणं, परिणामांची जाण असणं, निर्णय बोलून, खुणेने किंवा कसाही कळवता येणं. संशोधनासाठी तोच आधार घेता येतो, पण निदानावरून क्षमता ठरवू नका. स्किझोफ्रेनिया आहे म्हणून क्षमता नाही, हे चूक. सकाळच्या गोळीनंतर अकरा वाजता ज्या बाईचे डोळे मिटत होते, तिच्याशी चार वाजता छान बोलता आलं.

लिहिता येत नसेल तर अंगठा चालतो ना?

नियमाने चालतो, निःपक्ष साक्षीदार हवा. पण अंगठ्याचा अर्थ सगळ्यांना एकच नसतो. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आणला, त्यातून पुढे पारध्यांसारख्या जमातींच्या मागे हजेरी, नोंद, ठसे लागले. १९५२ मध्ये कायदा गेला. चौकीवरची नजर गेली असं म्हणवत नाही. एका पारधी आजींपुढे मी शाईचं पॅड सरकवलं. त्यांनी हात पदराखाली घेतला आणि विचारलं, ‘कोणत्या गुन्ह्यात?’

त्यानंतर मी शाईचं पॅड नेणं बंद केलं. समितीकडून तोंडी संमतीची पद्धत मंजूर करून घेतली: साक्षीदारासमोर बोलणं, साक्षीदाराची सही, तारीख. साक्षीदार रुग्णालयाच्या पगारावरचा नसावा.

चहा-बिस्किट दिलं तर ते आमिष होतं का?

बाहेर नाही, आत होतं. बाहेर पाच रुपयांच्या पुड्याला कोणी विचारत नाही. आत त्याच्यावरून भांडणं होतात. अर्धा तास उन्हात बसायला मिळणं, हे तर बिस्किटापेक्षा मोठं आमिष आहे, आणि ते तुमच्या अंदाजपत्रकात कुठेच दिसत नाही. साधा उपाय: जे द्याल ते वॉर्डातल्या सगळ्यांना द्या, गटात असोत-नसोत. खर्च वाढतो, पण वाढू द्या.

नैराश्य, चिंता मोजायला मराठीत प्रश्नावल्या आहेतच. त्या वापरायला काय हरकत?

वापरा, पण आधी स्वतः वॉर्डात दोन दिवस बसून त्यांची उत्तरं देऊन बघा. नऊ प्रश्नांची ती प्रसिद्ध नैराश्याची प्रश्नावली घ्या. पहिला प्रश्न: काही करण्यात रस किंवा आनंद वाटत नाही का? कशात? सकाळी आंघोळीची रांग, मग नाश्ता, मग व्हरांडा, मग जेवण, मग गोळ्या, मग व्हरांडा. झोपेचा प्रश्न: ट्यूबलाइट रात्रभर चालू आणि शेजारची ओरडते. भुकेचा प्रश्न: संध्याकाळचं जेवण इतक्या लवकर की रात्री पोटात कावळे ओरडतात, पण ते आजाराचं लक्षण म्हणून मोजलं जातं. हळू हालचालीचा प्रश्न: तो गोळ्यांचा परिणाम. बेरीज केली की आकडा येतो, पण तो बाईचा की वॉर्डाचा? एका महिन्यात माझ्या गटातल्या जवळजवळ सगळ्यांचे आकडे एकदम सुधारले. मी थेरपीचं यश म्हणून लिहायला बसले, तर लक्षात आलं की त्याच आठवड्यात वॉर्डात नवे पंखे लागले होते.

म्हणून वॉर्डात काय बदलतंय याची रोजची डायरी ठेवा: पंखे, बदल्या, सण, पाणी गेलं, कोणी पळालं, कोणी वारलं. आणि प्रश्नावलीसोबत त्यांच्याच शब्दांतलं माप तयार करा. ‘उदास वाटतं का’ला माझ्या गटात कोणी धड उत्तर दिलं नाही. ‘जीव रमत नाही’, ‘डोक्यात गरगरतं’, ‘काळजात धस्स होतं’, ‘घर डोळ्यापुढनं जात नाही’ हे शब्द त्यांनी दिले. आमच्या गटाने ‘बरं असणं’ म्हणजे काय याच्या पाच खुणा ठरवल्या. त्यांत एक होती, ‘दुसरीचं ऐकून हसू येणं’. छापील प्रश्नावलीत मी ती कुठे पाहिलेली नाही.

भाषा येत नसेल तर दुभाषी कोण घ्यावा?

वॉर्डातलाच दुसरा रुग्ण नको, पोलीस गार्ड तर नकोच नको. त्या भागातला, पण त्या गावाचा नसलेला माणूस शोधा. गाव एक निघालं की बाई गप्प होते. गोंडी, कोरकू, पावरी बोलणाऱ्या आशाताई किंवा शिक्षिका मिळतात. त्यांना मानधन द्या आणि आधी दोन बैठका फक्त प्रशिक्षणाच्या घ्या. दुभाष्याने सल्ला द्यायला सुरुवात केली की थेरपी तिथेच संपते, आणि ‘असं मनाला लावून घेऊ नये गं’ म्हणण्याचा मोह फार मोठा असतो.

यादृच्छिक चाचणी करावी की नको? गाईड म्हणतात त्याशिवाय छापून येत नाही.

एकाच वॉर्डात चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना थेरपी आणि निम्म्यांना काही नाही, असं करायला गेलात तर फसाल. वॉर्डात काही लपून राहत नाही. सकाळी गटात शिकवलेला श्वासाचा व्यायाम दुपारी सगळा व्हरांडा करत होता. वॉर्डच्या वॉर्ड चिठ्ठीने वाटायचे तर वॉर्ड बरेच लागतात, म्हणजे तीन-चार रुग्णालयं लागतात. एका विद्यार्थ्याच्या आवाक्यातलं ते काम नाही.

थोड्या माणसांवर करता येणारी रचना आहे: प्रत्येकीची थेरपी वेगवेगळ्या आठवड्यात सुरू करायची आणि आधीपासून नियमित मोजत राहायचं. ज्या आठवड्यात जिची थेरपी सुरू झाली त्याच आठवड्यापासून तिच्यात बदल दिसला, आणि हे चार-पाच जणींत पुन्हापुन्हा दिसलं, तर त्याला वजन येतं. शिवाय वगळलेल्या गटांतून माणसं मुळात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मिळतात, त्यांना ही रचना सामावून घेते. सरासरीत त्या हरवल्या असत्या.

न्यायालयाकडून आलेल्या रुग्णांबाबत वेगळं काय?

त्यांच्या बाबतीत ‘बरं होणं’ ही साधी गोष्ट उरत नाही. आरोपी मानसिक आजारामुळे स्वतःचा बचाव करू शकत नसेल तर खटला थांबतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या २७ व्या प्रकरणात, कलम ३६७ पासून, हे दिलं आहे. तो बरा झाला की खटला पुन्हा सुरू. म्हणजे तुमच्या थेरपीने सुधारणा झाली तर त्याची पुढची पायरी घर नाही, कोर्ट आहे. हे त्याला माहीत असतं. आकडे सुधारत नसतील तर दर वेळी थेरपीला दोष देऊ नका.

उलटंही घडतं. आसामच्या मचल लालुंग यांना १९५१ मध्ये अटक झाली, तेजपूरच्या मनोरुग्णालयात ठेवलं गेलं. १९६७ मध्ये ते बरे असल्याचं रुग्णालयाने कळवलं, तर घरी नाही, तुरुंगात पाठवलं. सुटले २००५ मध्ये, एक रुपयाच्या जातमुचलक्यावर. चोपन्न वर्षं. म्हणून कच्च्या कैद्यांबरोबर काम करताना मी एक नियम पाळते: अभ्यासासाठी फाइल हातात घेतलीच आहे तर शेवटची तारीख कधी पडली, शेवटचा अहवाल कधी गेला, हे पाहायचं. काही अडलेलं दिसलं तर त्या व्यक्तीला विचारून समाजसेवा अधीक्षकांना किंवा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. हे संशोधन नाही असं कोणी म्हणेल. म्हणू दे.

मनोरुग्णालयाबाहेर, थेट तुरुंगात हा प्रश्न केवढा आहे, ते बेंगळुरूच्या मध्यवर्ती कारागृहातल्या निम्हान्सच्या (तिथल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या) अभ्यासात दिसतं. ५,०२४ बंद्यांची तपासणी झाली. व्यसनं बाजूला ठेवली तरी २७.६ टक्के जणांना निदान होण्याजोगा मानसिक आजार होता. इतक्यांपुढे मानसोपचारतज्ज्ञ किती, हे कुठल्याही कारागृहात विचारून बघा.

ते जे सांगतील ते गुप्त ठेवता येईल?

पूर्ण नाही, आणि हे पहिल्याच दिवशी सांगायचं. मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम २३ गोपनीयतेचा हक्क देतं आणि अपवादही देतं: जिवाला धोका, दुसऱ्याला इजा, न्यायालयाचा किंवा मंडळाचा आदेश. लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती कळली तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ खाली ती कळवणं बंधनकारक आहे. ‘इथे काहीही बोला, बाहेर जाणार नाही’ हे वाक्य तोंडातून काढू नका.

गुन्ह्याचा तपशील लागत नसेल तर विचारू नका. मी नोंदवहीत तो कधीच लिहिला नाही. रागाबद्दल बोलायला कोणावर कोयता उगारला होता हे लिहावं लागत नाही, आणि जे लिहिलेलंच नाही ते कोर्टात मागवताही येत नाही.

वॉर्डातले कर्मचारी सहकार्य करत नाहीत.

तुम्ही आल्याने त्यांचं काम वाढतं. बायकांना बाहेर काढायचं, मोजायचं, परत आत घ्यायचं, पुन्हा मोजायचं. एक मावशी, एक वॉर्ड, दोन ड्युट्या. मी पहिला महिना त्यांच्यासोबत कपडे मोजले आणि त्यात कोणाचं काय चाललंय ते शंभर केसपेपरांतून कळलं नसतं इतकं कळलं. गटाची वेळ शिफ्ट बदलायच्या वेळेवर ठेवू नका, गोळ्यांच्या वेळेवर ठेवू नका, अधीक्षकांच्या राउंडच्या दिवशी तर ठेवूच नका.

मावशींना गट चालवायला शिकवावं का? मी साशंक आहे. जिच्या कमरेला किल्ली आहे तिच्यासमोर मन मोकळं कसं होणार? पण एका ठिकाणी तीच मावशी गाणी सांगायला बसली आणि किल्ली सिस्टरांकडे ठेवून आली, तेव्हा गट जमला.

पुरुष संशोधकाला स्त्री विभागात काम करता येतं का?

एकट्याने नाही. सहकारी स्त्री असली तरी व्यक्तिगत बैठका तिनेच घ्याव्यात.

अठराच्या आतली मुलं असतील तर?

पालकांची संमती आणि मुलाची स्वतःची तयारी, दोन्ही. आयसीएमआरप्रमाणे सात ते बारा वयात तोंडी, त्यापुढे लेखी. निरीक्षणगृहात पालक सापडणं हीच मोठी कसरत, म्हणून वेळापत्रकात दुप्पट महिने धरा. फोटो, रेकॉर्डिंग नको. खरं तर मोठ्यांच्या वॉर्डातही रेकॉर्डर शक्यतो नको. बैठक झाली की बाहेरच्या बाकावर बसून लगेच लिहून काढा.

मध्येच सुटले, हलवले, तारखेला गेले तर माहितीचं काय?

जाणारच. आज आठ, उद्या पाच. म्हणून प्रत्येक बैठक स्वतःत पूर्ण हवी. ‘मागच्या वेळी आपण जिथे थांबलो’ अशी सुरुवात करून चालत नाही. अर्धवट राहिलेल्यांची संख्या आणि कारणं मांडा; जामीन, बदली, नकार, मृत्यू हे वेगवेगळे लिहा. सुटल्यावर पाठपुरावा करायचा असेल तर आधी विचारा की घरी कोणाला काय सांगितलंय. रुग्णालयाचं नाव असलेल्या पाकिटाने एकीचं जमलेलं लग्न मोडता मोडता राहिलं. तेव्हापासून साधं पाकीट, आणि फोन केला तर ‘ओळखीची बोलतेय’ एवढंच.

अभ्यास संपल्यावर गट बंद करायचा का?

प्रस्ताव लिहितानाच ठरवा. शेवटची तारीख पहिल्या दिवशी सांगा आणि भिंतीवर कॅलेंडर लावा. त्यांना आजवर न सांगता सोडून गेलेली माणसं कमी नाहीत. गट पुढे कोण चालवणार, व्यवसायोपचार विभाग की एखादी संस्था, हे लेखी घ्या. निष्कर्ष पहिल्यांदा त्यांनाच वाचून दाखवा. मी दाखवले, तेव्हा एकीने मध्येच थांबवून सांगितलं, ‘हे मी नव्हते म्हणाले, हे तुम्ही म्हणालात.’ नोंदवही काढली. तिचंच बरोबर होतं.

प्रबंधात सहभागींची नावं बदलायची, हे तर नक्की ना?

नक्की. टोपणनाव त्यांनाच निवडू द्या. पण एक प्रसंग सांगते. एका बाईची नोंद ‘अनोळखी स्त्री’ आणि पुढे एक नंबर अशी होती. मराठी तिला मोडकंतोडकं येत होतं. सहाव्या बैठकीत तिने स्वतःचं नाव सांगितलं, आईचं सांगितलं, नदीचं सांगितलं. टोपणनावाबद्दल विचारलं तर म्हणाली, नको, हेच लिही. मी नियम समजावला. ती म्हणाली, माझं नाव इथे कुठेच लिहिलेलं नाही, तू पण लिहिणार नाहीस?

समितीला पत्र लिहिलं. उत्तर नियमाप्रमाणे आलं. मग तिच्या परवानगीने नाव आणि नदी समाजसेवा अधीक्षकांना दिली. केसपेपरवर नाव चढायला चार महिने लागले. प्रबंधात ती अजूनही ‘स’ आहे.